दिगूबरोबर अलेक्झांड्रियाला

गाडी वाळवंट मागे टाकून हिरव्यागार शेतांत शिरली, तसा मी बाकावरून उठून खिडकीशी उभाच राहिलो. खजुरीची झाडं, कालव्यांतून सरकणारी होड्यांची उंच शिडं, आणि पुढे कुठेतरी सिकंदरानं वसवलेलं अलेक्झांड्रिया! चार दिवसांची रजा होती. कुठे उतरायचं, कुठली ट्राम धरायची, रोमनांचा उंच खांब आधी पाहायचा की जमिनीखालची थडगी, सगळं मी लिहून काढलं होतं. आधी जाऊन आलेल्या एका पंजाबी हवालदाराला तीन आठवडे छळून ही माहिती गोळा केली होती.

"दिगू, बघ तरी बाहेर!"

दिगूनं पाहिलं. "हो," म्हणाला, आणि पुन्हा बुटांकडे बघत बसला.

दिगंबर माझ्याबरोबर जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात फिटर होता. लढाई पेटल्यावर आम्ही दोघं फौजेच्या वर्कशॉपात भरती झालो आणि मिसरच्या (इजिप्तच्या) वाळूत येऊन पडलो. इथे त्याला पत्र आलं की त्याची बायको सुशीला विषमज्वरानं गेली. पत्र हाती पडेपर्यंत तिला जाऊन दोन महिने झाले होते. त्या दिवसापासून दिगू काम करायचा, जेवायचा, पण बोलायचा नाही. शेवटी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "याला कुठेतरी फिरवून आण." मी ते फारच मनावर घेतलं होतं.

स्टेशनाबाहेर आलो आणि मी हरखून गेलो. घोडागाड्या, ट्रामच्या घंटा, लाल टोप्या घातलेले दुकानदार, निरनिराळ्या देशांचे शिपाई. काही घरं बॉम्बनं अर्धी कोसळलेली, आणि उरलेल्या अर्ध्या घराच्या गच्चीत कपडे वाळत घातलेले.

"अरे, हा तर आपल्या जबलपूरचा कमानिया गेटचा बाजारच! सणाच्या आदल्या दिवशीचा!" मी म्हणालो.

दिगू बुटांकडे बघतच चालत होता.

एका टपरीवर आम्ही 'फूल' खाल्लं. (वालासारखे दाणे मऊ शिजवून, वर तेल, लिंबू आणि जिरं.) सोबत गरम फुगलेली रोटी आणि कच्चा कांदा. मी दोनदा मागून घेतलं. टपरीवाल्या म्हाताऱ्यानं दिगूच्या अर्ध्या टाकलेल्या ताटलीकडे पाहिलं आणि मला खुणेनं विचारलं, आजारी आहे का? मी मान हलवली, पण हो की नाही ते मलाही ठरवता आलं नाही.

ट्राम मी मोठ्या रुबाबात पकडली, ती उलट्या दिशेची निघाली. खांब राहिला बाजूला, आणि आम्ही उतरलो ते थेट समुद्रावर.

मुंबईहून निघताना मी समुद्र पाहिला होता तो जहाजाच्या तळाशी, ओकाऱ्या काढत. हा वेगळाच होता. काठाला हिरवा, पुढे निळा, आणि त्याहून पुढे इतका गडद की डोळे मिटून घ्यावेत. काठाकाठानं दगडी कठड्याचा लांबलचक रस्ता, आणि टोकाला जुना किल्ला. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे दीपगृह होतं, ते कित्येक कोसांवरून दिसायचं, असं मी दिगूला सांगत होतो. वळून पाहिलं तर दिगू शेजारी नव्हता.

तो पाण्यात होता. अंगावर कपडे तसेच, फक्त बूट वाळूवर. कमरेइतक्या पाण्यातून तो सरळ पुढे चालत होता.

"दिगू! ए दिगू!" तो वळला नाही. मला पोहता येत नाही, हे मी त्या क्षणी विसरलोच. धावत पाण्यात शिरलो. दुसऱ्या लाटेनं पाय उचलले, तिसरीनं मला उलटं केलं, नाकातोंडात खारट पाणी गेलं. मग कुणीतरी माझी कॉलर धरून मला वर ओढलं.

"पोहता येत नाही तर आत काहून आला बे?" दिगू ओरडत होता. "मरून राहिला होतास ना!"

"मला वाटलं, तूच..."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानावर शेवाळ लटकत होतं म्हणे. तो हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. वाळूवर येऊन मी त्याचा खांदा धरून बसलो.

थोड्या वेळानं लक्षात आलं की रजेचे पास खिशातच होते. शाई पसरून नुसते निळे डाग उरले होते. गल्लीतल्या एका इस्त्रीवाल्यानं ते फडक्यात ठेवून अलगद सुकवून दिले, पण नावं काही परत आली नाहीत. कोपऱ्यावरच गोऱ्या लष्करी पोलिसानं अडवलं.

बोलला तो दिगू. मोडकी इंग्रजी, जबलपूरची हिंदी आणि दोन्ही हात! लाट कशी आली, मी उलटा कसा झालो, सगळं त्यानं करून दाखवलं. पोलिसाला हसू आवरेना. त्यानं आम्हाला कैद केलं नाही, पण हुकूम दिला की असल्या पासांवर फिरता येणार नाही, सकाळच्या गाडीनं परत जा.

रजेच्या चार दिवसांतले तीन वाया गेले. परतीच्या गाडीत मी हळहळत होतो. तो खांब नाही, थडगी नाहीत, किल्लाही लांबूनच.

"सुशीला माझ्याहून चांगली पोहायची," दिगू एकदम म्हणाला. "नदीकाठच्या बरगीची ना ती. लग्नानंतर पहिल्यांदा नर्मदेवर गेलो, तर मला मागे टाकून निघून गेली. अच्छा, तुला सांगतो, त्या दिवशी काय झालं..."

अलेक्झांड्रिया मी फारसं पाहिलं नाही, हे वाचकांपाशी कबूल करायला हवं. पण शेतं संपून पुन्हा वाळू लागली, स्टेशनं आली आणि गेली, कँपच्या फाटकाशी आम्ही उतरलो, तरी दिगूचं बोलणं संपलं नव्हतं. फाटकावरचा पहारेकरी पास मागत होता. मी पहारेकऱ्यालाच हातानं थांबवलं.