नानांपुढचा स्तंभालेख

संख्याशास्त्र शिकलेली मुलगी घरात असली म्हणजे शेतीचे निर्णय आपोआप शास्त्रशुद्ध होतात, असा माझा समज होता. भडगावजवळच्या आमच्या वावरात यंदा कंदाऐवजी टिश्यू कल्चरची केळी लावावी, असं मला फार वाटत होतं. नाना, म्हणजे माझे वडील, ऐकेनात. एवढं शिकूनही घरात माझ्या शब्दाला किंमत नाही, हे मला भलतंच झोंबलं. मग मी आसपासच्या वावरांत फिरून घडांची वजनं आणली आणि झकास स्तंभालेख काढला. कंदाचा खांब बुटका, टिश्यूचा उंच.

नानांनी चष्मा लावून कागद लांब धरला.

"हाई तं भलती उच्ची शे. वादळमा आडवी पडी."

केळीवाल्याला उंची दिसली की आधी वादळच दिसतं. मी म्हटलं, नाना, ही झाडाची उंची नाही, घडाचं वजन आहे. खांब जेवढा उंच, तेवढा घड भारी.

"मंग तं आखो लवकर पडी."

मीही इरेला पेटले. तेच आकडे आडव्या खांबांनी काढले. आता जो खांब जास्त लांब, त्याचं वजन जास्त. उंचीचा प्रश्नच मिटला. नानांनी कागद पाहिला आणि काकांना हाक मारली.

"दख, पडनी ना!"

काका आलेच होते, म्हणून वावरात काय किती लावायचं ते दाखवणारा गोल वृत्तालेख त्यांच्यापुढे सरकवला. फाक जेवढी मोठी, तेवढी जमीन जास्त, इतकं साधं. काकांचा चेहराच उतरला.

"वावरना वाटा? मना कोन्ता यामा?"

कुणी वेगळं निघत नाहीये, हे त्यांना पटवण्यात चहा दोनदा झाला.

शेवटी मी सगळे कागद चुरगाळले. "नाना, माले टिश्यूच लावनी शे. बस!"

नानांनी चष्मा काढला, शांतपणे नर्सरीवाल्याला फोन लावला आणि रोपं सांगितली. कालपर्यंत नको नको म्हणत होतात, आज एकदम कसं ठरलं, असं त्यानं विचारलं असावं.

"पोरनं कायतरी कागद दखाडं," नाना म्हणाले. "माले कागद समजना नही. पन माले पोर समजस."