रूपाची न छापलेली भिंत

झिरो लेयरवर भिंत काढणारा माणूस रूपाच्या लेखी पिण्याच्या माठात कोपरापर्यंत हात बुडवणाऱ्यासारखा. ती इमारतींचे नकाशे काढायची त्या ऑफिसातल्या विश्वजीतनं एकदा भिंती, दारं, जिना, संडासाची भांडी, सगळं त्या एकाच लेयरवर कोंबलं. रूपानं सगळ्यांसमोर विचारलं, "घरी चड्डी आन् चटणी एकाच डब्यात ठेवतो का रे तू?" हा किस्सा तिनं स्वतःच वस्तीभर सांगितला, आणि सांगताना दर वेळी विश्वजीतचं तोंड जरा जास्तच पडत गेलं.

कॉम्प्युटरवरचा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले आरपार दिसणारे कागद. एकावर भिंती, एकावर दारं-खिडक्या, एकावर वायरिंग. असा एकेक कागद म्हणजे लेयर. झिरो लेयर प्रोग्रामसोबतच येतो, आणि तो कोरा ठेवायचा असतो. हवा तो दाखवा, नको तो झाका. मग छापायच्या पानावर चौकटी पाडायच्या, त्यांना व्ह्यूपोर्ट म्हणतात. इमारत एकच, पण एका चौकटीतून तिच्या भिंती दिसतात, दुसरीतून नुसत्या तारा. रूपा हे आयटीआयत शिकली, आणि आयटीआयचा अभ्यास तिनं केला बापाच्या रिक्षात. घर एका खोलीचं. त्यात टीव्ही, पाहुणे आणि कुकर. बाप, सखाराम, रिक्षा लावून आत आला की पोरगी वही घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसायची. गल्लीतली माणसं डोकावायची, "स्टेशनला येती का?" एकदा एक म्हातारी गाठोड्यासकट शेजारी बसलीच. ड्रायव्हर येईना म्हणून रूपालाच शिव्या घालून उतरली.

म्हणून वस्तीतल्या बुद्ध विहाराचं पत्र्याचं शेड पाडून पक्कं बांधायचं ठरलं तेव्हा रूपानं नकाशा अंगावर घेतला आणि एकच अट घातली. मागं अभ्यासिका पाहिजे. भिंत असलेली, दार लागणारी. पुढच्या पोरींना रिक्षात बसायला लागू नये, बस्स.

त्या भिंतीवरनंच पेटलं. गोजरबाई म्हणजे रूपाची सख्खी आत्या आणि महिला मंडळाची सर्वेसर्वा. तिला सलग हॉल हवा होता. "वर्षावासात पावसाळाभर ग्रंथ ऐकायला बाया येत्यात, त्या कुठं बसवू? तुझ्या भिंतीवर?"

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा धम्मपाल रूपाच्या बाजूनं. "आत्या, तुमचा माईक आन् माझं गणित एका खोलीत नांदत नाय."

समितीचे अध्यक्ष धोंडिबाकाका एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर. भांडण रंगलं की ते दोन्हीकडच्यांना म्हणायचे, "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय." माणसं सरकायची नाहीत, भिंत सरकायची. आज फूटभर इकडं, उद्या तिकडं. अखेर काकांनी ठणकावलं, "ह्या रविवारी एकमत झालं तर ठीक. नायतर शेडच बरं हाय आपलं." म्हणजे हा रविवार हुकला की अभ्यासिका गेली, हे रूपाला कळून चुकलं.

रविवारी सकाळी तिनं शहागंजात नईमभाईकडं मोठ्या कागदावर प्रिंट काढली, गुंडाळी पाठीला लावून स्कूटीवरनं थेट वंदनेला आली. वंदना झाली. चटईवर कागद पसरला, कोपऱ्यांवर स्टीलचे पेले ठेवले. गोजरबाई वाकली. चष्मा पुसून पुन्हा वाकली. आणि उठून रूपाला कडकडून मिठीच मारली.

"माझी वाघीण! भिंत काढून टाकली गं पोरीनं!"

रूपानं आत्याच्या खांद्यावरनं पाहिलं. दारं होती, खिडक्या होत्या, पंखेसुद्धा होते. मधली भिंत नव्हती.

बायांनी टाळ्या पिटल्या. मंडळातल्या आवडाबाईनं चहाची ऑर्डर दिली. कुणी तरी रूपाच्या केसांत गजरा खोचला.

"अहो, थांबा! भिंत हाय! फक्त छापली नाय!"

"हाय तर दिसंना कशी?"

"कॉम्प्युटरात दिसती!"

"मंग कॉम्प्युटरातच नांदू दे की तिला," आवडाबाई म्हणाली, आणि शेड हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं.

रूपानं दात-ओठ खात फोन लावला. "नईमभाई, मेरी दीवार खा गए तुम!"

"मॅडम, जैसा आया वैसा छापा. हम स्याही डालते, दीवारां नहीं उठाते."

तिनं लॅपटॉप उघडला. भिंत तिथं ऐटीत उभी! रूपानं तिच्यावर क्लिक केलं आणि तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्या प्रोग्राममध्ये डेफपॉइंट्स नावाचा एक लेयर आपोआप तयार होतो, मापांच्या टोकांचे ठिपके ठेवण्यापुरता. त्यावरचं काहीही पडद्यावर दिसतं, कागदावर उमटत नाही. रोज हलवून हलवून वैतागलेल्या रूपानं ती भिंत शेवटी पुसून नव्यानं काढली होती, ती नेमकी त्या लेयरवर. विश्वजीतचा माठ बरा म्हणायची पाळी.

धम्मपाल मागनं डोकावला. "तायडे, चटणी चड्डीच्या डब्यात गेली व्हय?"

"तू गप. तुझ्याच भिंतीसाठी चाललंय."

तिकडं काकांनी पेन काढलं. "तर मंडळी, एकमत झालं. हॉल सलग."

"काका, पेन खिशात!" रूपा अशी कडाडली की चहावाला पत्र्यापाशीच थबकला. "माझी चूक झाली, मी कबूल करते. चुकीच्या लेयरवर काढली. पण चुकीवर सही घेऊ नका. आधी बघा, मंग काय ते ठरवा."

तिनं लॅपटॉप मधोमध मांडला. ती मधली भिंत तिच्या वेगळ्या लेयरवर आणली, पानावर शेजारी शेजारी दोन व्ह्यूपोर्ट पाडले. डावीकडं तो लेयर झाकला, उजवीकडं ठेवला.

"हे तुमचं. हे आमचं. इमारत एकच हाय. बोला आता, कोणतं पाहिजे?"

सगळे वाकले. गोजरबाईनं एक बोट डावीकडं टेकवलं, एक उजवीकडं.

"इकडं भिंत नाय. तिकडं हाय. आन् इमारत एकच म्हणती तू."

"व्हय."

"मंजे वंदनेला उघडायची आन् नंतर लावायची. दुकानाच्या शटरवानी. मंग हे आधी नाय का सांगायचं, बये? आमचं डोकं खाल्लंस!"

"नाय आत्या, तसं नसतंय. हे व्ह्यूपोर्ट..." रूपाचं वाक्य तिथंच राहिलं. तोंड मात्र उघडंच. एका मंगल कार्यालयाच्या नकाशात तिनं स्वतः घडीचं पार्टिशन काढलं होतं, रुळावर सरकणारं. कधी डोक्यातच आलं नाही!

"व्हय!" ती किंचाळली. "व्हय आत्या! शटरवानीच! तेच तर सांगायले मी!"

"खोटारडी," धम्मपाल पुटपुटला, पण सगळ्यात आधी हात त्यानंच वर केला. मग बायांचे हात वर गेले. काकांनी, कुणी पुन्हा भांडायच्या आत, सही ठोकली आणि एसटीला निघायची डबल घंटी द्यावी तसे सवयीनं म्हणाले, "चला, डबल!"

पण बायांना नुसत्या कागदावर भागेना. सरकणारी भिंत कशी दिसती ते आत्ताच बघायचं होतं. चहा बाजूला राहिला. सगळ्या हातात हात घालून शेडच्या मधोमध ओळीनं उभ्या राहिल्या. काकांनी तोंडानं घंटी दिली, की भिंत पदर सावरत, फिदीफिदी हसत एका कडेला गोळा व्हायची. पुन्हा घंटी, की पसरायची. आवडाबाईचा पाय पेल्याला लागून पाणी सांडलं, भिंत दोन ठिकाणी तुटली, परत जोडली. धम्मपाल हसता हसता चटईवर आडवा झाला.

रूपा पळत मागच्या भागात गेली. "लावा!"

भिंत लागली. पलीकडं बायांच्या पाठी, अलीकडं ती एकटी. रूपानं डोळे मिटून कान दिले. पलीकडून गोजरबाई ओरडली, "रूपे, आमचा आवाज येतो का गं तिकडं?"

"येतो, आत्या! लई येतो!"

"मंग जाड काढ की भिंत!"