मिलीचे औंस

मावशी गुडघे टेकून मापाच्या भांड्यासमोर बसायच्या, एक डोळा मिटायच्या आणि आतली लघवी रेघेवर स्थिर झाल्याशिवाय आकडा बोलायच्या नाहीत. आजाऱ्याजवळ बसणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. महाडात औषधांचं दुकान चालवताना मीही पुष्कळ पाहिल्या, पण इतकी नेमकी बाई दुसरी नाही.

त्या पोलादपूरहून पहिल्या एसटीनं यायच्या, आमच्या शेजारच्या आबांकडे. आबांची मूत्रपिंडं निकामी होत आलेली, डायलिसिसला ठाम नकार. त्यांची नात अमेरिकेतच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी. रोज व्हिडिओ कॉलवर मोडक्या मराठीत विचारायची, "आजोबा, आज किती औंस?" मिलिलिटरचा तिला अंदाज येत नसे.

म्हणून मावशी माझ्याकडे आल्या.

"तीस मिली म्हणजे एक औंस," मी म्हणालो.

"बरोब्बर तीस?"

"साडेएकोणतीसच्या जरा वर."

"मग तीस कशाला सांगता, दादा? माणसाच्या अंगातलं पानी हाय. खरं काय ते लिवून द्या."

मी त्यांच्या रोजच्या आकड्यांच्या वहीतच कोष्टक करून दिलं. सहाशे मिलीला वीस औंस आणि वर थोडं.

विसाचे चौदा झाले, चौदाचे नऊ. एके दिवशी मी औषध द्यायला गेलो तेव्हा भांड्यात एकशेवीस मिली होतं. चार औंस. आबांनी मावशींचा हात धरला. "चौदा सांग. पोरीची परीक्षा आहे. सगळं टाकून येईल."

"येऊ दे की, आबा."

"माझी शपथ आहे तुला."

मावशींनी चौदा सांगितलं. पलीकडे पोरीनं टाळ्या वाजवल्या. मावशी मोरीत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आठवड्यात आबा गेले. नात पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. मावशींच्या वहीतले मिलीचे आकडे तिनं फोनवर एकेक करून औंसात बदलले. चार. तीन. एक.

"तू मला चौदा म्हणाला," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. मावशींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"चुकलं गो बाय माझं," एवढंच त्या बोलल्या.

बाहेर आल्यावर मी चिडलो. त्या म्हणाल्या, "आजा खोटं बोलला, ह्ये घेऊन जाईल ती घरी? माझ्यावर राग धरू दे. मी कोन तिची? तुमी बोलायचं नाय, दादा." मी शब्द दिला.

त्यानंतर मावशींनी हे काम सोडलं. किती घरांसाठी मी निरोप धाडले, नाय म्हणाल्या.

परवा त्या काविळीनं गेल्याचं कळलं. त्यांना दिलेला शब्द आता सुटला असं मानून मी अमेरिकेला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मावशी गेल्याचं तेवढं अजून सांगायचं होतं.

त्याआधीच ती म्हणाली, "मावशीला फोन दे ना."