मुतशरचा पेला

दलदलीकाठच्या आमच्या शाळेत नजीहाबाई आणि मी सोळा वर्षं शेजारशेजारच्या वर्गांवर होतो. पुस्तकात पाण्याविषयी एकच ओळ होती: पाऊस कमी, म्हणून पाणी कमी. बाई ती वाचून दाखवायच्या आणि मुलांना घेऊन कालव्यावर जायच्या.

"रसमिया, तुमच्या म्हशी कुठलं पाणी पितात?"

"खालचं, बाई. खारट झालंय. दोन मेल्या."

"आणि वरचं गोडं पाणी जातं कुठं?"

पोरं पंपांकडे बघायची. तीन पंप होते, तिन्ही आमच्या टोळीच्या प्रमुखांच्या, शेखांच्या भातशेतीवर चालायचे.

"मग कालवा आटतो, की आटवतात?"

"आटवतात!"

मी म्हणायची, "बाई, जपून. भिंतींना कान असतात."

"आपल्या भिंती बोरूच्या, बाई. कान कशाला, अख्खा माणूसच आत येतो." असं म्हणून त्या हसायच्या.

व्हायचं तेच झालं. बाई मुलांना राजकारण शिकवतात, अशी तक्रार वर गेली.

त्याच उन्हाळ्यात रसमियाच्या बापाने घर सोडायची भाषा सुरू केली. बाईंनी धाकट्या भावाला, मुतशरला गळ घातली. "शेखांच्या बैठकीत जा. एक दिवसाआड तरी पंप बंद ठेवा म्हणावं." बैठकीत बायका जात नाहीत.

काही मागायचं असलं की पाहुणा कॉफीचा पेला न पिता पुढ्यात ठेवतो. यजमानाने 'दिलं' म्हटलं की मग प्यायचं. एकदा प्यायलं की मागणं फिटलं. मग दुसरं काही मागायला पुन्हा त्या दारात जाता येत नाही.

मुतशरने पेला ठेवला. त्याने तोंड उघडायच्या आत शेख म्हणाले, "बहिणीसाठी आलास ना? तक्रार मागे घ्यायला लावतो. तिची नोकरी राहिली. दिलं, पी."

सगळी बैठक बघत होती. मुतशर प्यायला.

घरी येऊन त्याने सांगितलं तेव्हा मी तिथंच होते.

"ताई, तुला काढणारच होते गं."

"मी माझ्यासाठी पाठवलं होतं तुला?"

"आई गेल्यापासून तुझ्या हातचं खाल्लंय मी. नको कसं म्हणू?"



आठवड्याभरात रसमियाचं बिऱ्हाड होडीत चढलं. मागोमाग बाकीची निघाली. एक्केचाळीस मुलांच्या वर्गात वसंतापर्यंत सहा उरली आणि शाळेला कुलूप लागलं. बाईंची नोकरी मात्र राहिली, शहरातल्या शाळेत.

निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधू लागायला गेले होते. मुतशर आला. बाईंनी कॉफी दिली. त्याने पेला पुढ्यात ठेवला आणि मान खाली घातली. तो काय मागत होता ते मला कळलं, बाईंनाही कळलं.

दुपारची बांग झाली. मी आतल्या खोलीत जाऊन नमाज पढले. या दोघांना मोकळं कर, एवढंच अल्लाहकडे मागितलं.

बाहेर आले तर पेला तसाच भरलेला. बाई हजेरीपट फडक्यात गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पी रे. गार झाली."

'दिलं' असं त्या म्हणाल्या नाहीत. मुतशरने पेल्याला हात लावला नाही.