मामांचं प्रास्ताविक आणि प्रतीक्षाची पाच मिनिटं

माझ्या बायकोचे मामा प्रास्ताविक केल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा पीत नाहीत. आमच्या साखरपुड्यात त्यांनी प्रास्ताविक केलं, त्याला कोणाची हरकत असणार? पण पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायला माणसं आली, तेव्हाही मामा पुढे सरसावले. पूर्वी इथं ज्वारी कशी व्हायची, इथपासून त्यांनी सुरुवात केली, आणि ते टाकीपर्यंत पोचेस्तोवर माणसं टाकी धुऊन, हातपाय पुसून निघून गेली होती. माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेत असताना त्यांनी डॉक्टरांना 'दोन शब्द' ऐकवले. भूल द्यायचं निम्मं काम तिथंच झालं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक शाल आणि एक नारळ कायम असतो. कासारवाडीच्या एका पंक्चरवाल्याचाही भररस्त्यात सत्कार झालेला आहे.

मामा इथल्याच जुन्या शेतकरी घरातले, पण नोकरी चाकणच्या एका कंपनीत, सुटे भाग तपासायच्या क्वालिटी विभागात. निवृत्त झाल्यावर चारधाम घडेल अशी मामींना आशा होती. मामा गेले ते चाकणजवळच्या कुरुळीपर्यंतच. तिथं एका खोलीत दर रविवारी ते एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुण मुलामुलींना जमवतात, पोहे खाऊ घालतात आणि कोणाची गोळी चुकली का याची हजेरी घेतात. "पार्टात केसाएवढा फरक चालत न्हाई, मंग गोळीत कसा चालंल?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हा नाद कुठून लागला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कंपनीत त्यांच्या लाइनवर काम करणारा एक जोडीदार या आजारानं गेला, तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. "मी बी गेलो न्हाई, पाव्हणं. शिफ्ट हाय म्हणून सांगितलं. शिफ्ट नव्हती."

गेल्या वर्षी या मुलांना एका आंतरराष्ट्रीय बैठकीचं आमंत्रण आलं. एचआयव्हीबद्दल काही ठरवायचं तर तरुणांचंही ऐकलं पाहिजे, असं तिथल्या मंडळींच्या मनात आलं होतं. बैठक ऑनलाइन, प्रत्येक गटाला पाच मिनिटं, मराठीचा दुभाषी त्यांचा. मुलांनी प्रतीक्षाला निवडलं. प्रतीक्षा एकवीस वर्षांची, लातूरकडची. जन्मापासूनच हा विषाणू तिच्या अंगात आहे. आईवडील गेल्यावर ती कुरुळीला मावशीकडे आली आणि आता एका कंपनीत कंत्राटी पॅकिंगला जाते. चेहरा दाखवून बोलायचं, हे तिनं स्वतःच ठरवलं. ते सोपं नव्हतं. आठवडाभर पोरीचं जेवणात लक्ष नाही, असं मावशी सांगत होती.

बैठकीच्या दिवशी कुरुळीच्या त्या खोलीत लॅपटॉप माझा होता. आमच्या गटाचं नाव पुकारलं गेलं आणि मामा खुर्ची ओढून मधोमध बसले. "फकस्त दोन शब्द, पाव्हणं. पोरीला एकदम उभं करायचं म्हंजी बरं दिसत न्हाई." आपल्याकडे वक्त्याची ओळख करून दिली नाही तर तो त्याचा अपमानच, त्यामुळे मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. मामांनी देशोदेशीच्या पाहुण्यांचं स्वागत केलं, अध्यक्ष असलेल्या केनियाच्या तरुणाचे आभार मानले, कुरुळीचा इतिहास सांगितला. मग प्रतीक्षा कशी गुणाची, तिनं किती सोसलं, हे सगळं अगदी मनापासून सांगितलं. दुभाषी बाईंना लागलेली धाप ऐकू येत होती. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. मी मामांचा सदरा ओढला तेव्हा चाळीस सेकंद उरले होते.

प्रतीक्षानं हातातला कागद पालथा ठेवला.

"मला पाच मिन्टं होते. चार मामांनी घेतले. मामा लई चांगले आहेत. पण लहानपणापासून माझ्याबद्दल दुसरंच कुणीतरी बोलायलंय, मायेनंच बोलायलंय, अन् मी बाजूला उभी. गोळ्या आणायला मला खाडा करावा लागतो. मी ताप आला म्हणून खोटं सांगते, कारण खरा आजार सांगितला तर काम जाईल. गोळ्यांचं केंद्र शिफ्ट सुटल्यावर उघडं ठेवा, असं कुणीच का मागत नाही? कारण आम्हाला कुणी विचारलंच नाही."

घड्याळ शून्यावर आलं. अध्यक्षांनी तिला थांबवलं नाही, उलट पुढे बोलायला सांगितलं. ती आणखी सहा मिनिटं बोलली. शेवटी मागण्यांचा मसुदा लिहिणाऱ्या गटात तिचं नाव घातलं गेलं.

परतताना मामांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, दुखावले. पिंपळे सौदागरचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, इतके रविवार मी निस्ती हजेरीच घेतली बगा. गोळी घेतली का, एवढंच इचारलं. गोळी आणती कशी, हे कधी इचारलंच न्हाई."

पुढच्या महिन्यात मसुद्याची बैठक होती. मामांनी दार ओढून घेतलं आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी मधेच पाणी प्यायला आलो, तर एवढंच विचारलं, "आवाज पोचतोय ना तिचा?" तासाभरानं प्रतीक्षा बाहेर आली, मागून मीही आलो. ती त्यांच्या शेजारी टेकली. तिची मागणी मसुद्यात गेली होती.

"पुढच्या वेळंला आत बसा, मामा," ती म्हणाली. "बोलायचं नाही फक्त."

"बसंन की," मामा म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्या भाषणांतून मी पळ काढत आलो, पण त्या पायरीवर, का कोण जाणे, ते काहीतरी आणखी बोलतील म्हणून मी बराच वेळ थांबून राहिलो.