बापाच्या नावावर रेघ

सातबाऱ्याचा उतारा हातात आला की आबा तो आधी दोन्ही हातांनी कपाळाला लावायचे आणि मग मला विचारायचे, "नाव हाय ना गो बाय?"

पोलादपूरला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मी जमिनीचे उतारेही काढून देते. तुम्ही कधी अशा दुकानात ताटकळला असाल, तर येणाऱ्या प्रत्येकाला किती घाई असते ते तुम्हाला ठाऊक असेल. आबांना कधीच नसायची. उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरावर त्यांची वाडी. तिथून ते दर महिन्याला उतरायचे आणि कुठल्याच कामाचा नसलेला ताजा उतारा घेऊन परत चढायचे. उताऱ्यावर त्यांच्या वडिलांचं नाव होतं. वडील जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती.

"आबा, वारसनोंद करून घ्या," मी पहिल्याच वर्षी सांगितलं. "वडिलांचं नाव कमी होईल, तुमचं लागेल."

"कमी व्हईल म्हंजे?"

मी दुसऱ्या कुणाचा तरी उतारा दाखवला. गेलेल्या माणसाच्या नावावर आडवी रेघ होती. कागदावर विंचू दिसावा तसे आबा मागे सरकले.

"बापावर रेघ मारू? नुसत्या पहारीनं दगड काढून शेत केलंन त्यानं. मी ल्हान होतो, बांधावर बसून बघायचो."

मला हसू आलं, आणि खोटं कशाला सांगू, कौतुकही वाटलं. "असा मुलगा मिळायला नशीब लागतं," असं मी बोलूनही गेले. ती जीभ तेव्हा आवरली असती तर बरं झालं असतं, असं पुढे फार वाटलं.

कारण एका पावसाळ्यानंतर त्यांच्या घरामागे डोंगराला भेग पडली. तळीये गाव दरडीखाली गेलं, त्यानंतर आमच्याकडे भेग हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. आबा मात्र पिकाची वाढ सांगावी तसं सांगायचे. दिवाळीत म्हणाले, "बोट जातंय." शिमग्याच्या आधी म्हणाले, "आता पंजा जातो." आणि लगेच, "नाव हाय ना?"

"नाव आहे हो, माणसं राहतील का?" मी चिडून म्हणाले. त्या घरात त्यांची बायको, सून आणि दोन नातवंडं होती.

मुलगा मुंबईला टेम्पो चालवायचा. आबांच्या बापानं दगड काढून केलेलं ते शेत खाली, सपाट, रस्त्याला लागून. तिथे घर बांधून सगळ्यांना डोंगरावरून उतरवायचं त्यानं ठरवलं होतं. बँकेनं कागद बघितले आणि सांगितलं, जमीन आधी हयात माणसाच्या नावावर करून आणा.

शिमग्याला बापलेक दोघं माझ्या दुकानात उभे राहिले.

"मेलेल्या माणसाला कोण लोन देणार, आबा?" मुलगा ओरडलाच. "तुमच्या बापापायी माझी पोरं मातीखाली जायची!"

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हंजे मी मेलो की तू माझ्यावर रेघ मारशील."

"मारीन. दुसऱ्याच दिवशी मारीन," असं म्हणून तो बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

मी वारसनोंदीचा अर्ज उघडला, आबांचं पूर्ण नाव टाइप केलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते एकेक अक्षर लावत वाचू लागले आणि मधल्या नावाशी थांबले.

"हा हितं कसा?"

"तुमच्या नावापुढे त्यांचं नाव येणारच ना आबा. वर रेघ पडेल, पण खाली ते तुमच्याबरोबर येतील."

"ह्याच्यावर नाय ना रेघ?"

"नाही."

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या नावावर बोट टेकवलं आणि विचारलं, "सही कुठं करू?"

नोटीस, तिची मुदत, मंजुरी, यात उन्हाळा संपत आला. आता घर बांधणं शक्यच नव्हतं. मुलानं शेतात पत्र्याची शेड ठोकली आणि पावसाआधी सगळ्यांना घेऊन खाली उतरा, असं आबांना बजावून मुंबईला गेला. "उतरतो की, वरचं आवरलं की उतरतो," आबा मला म्हणाले. मला त्यांच्या त्या 'उतरतो'चा काडीचा भरवसा नव्हता.

आषाढात तीन दिवस पाऊस खळला नाही. वाडीकडचा एकही फोन लागेना. मुलगा मुंबईहून मला दर तासाला विचारत होता, आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तर मी उगाचच आबांचा सातबारा स्क्रीनवर उघडत होते आणि बंद करत होते.

चौथ्या दिवशी दुपारी ते दारात उभे राहिले, गुडघ्यापर्यंत चिखल.

"घर गेलं गो. डोंगर आला खाली."

"माणसं?"

"पत्र्याखाली हायत समदी. म्हशीपन. आदल्या दिवशीच उतरलो." मग खिशातून ओली नोट काढून म्हणाले, "उतारा दे."

मी रडत रडत प्रिंट काढली.

पुढच्या उन्हाळ्यात बँकेत बापलेकांनी मिळून सह्या केल्या आणि शेतात घर उभं राहिलं. आबा त्यात एक पावसाळा राहिले. माघात अंगणात ऊन खात बसल्या बसल्या गेले.

महिन्याभरानं मुलगा दुकानात आला. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात मृत्यूचा दाखला. मी न विचारताच वारसनोंदीचा अर्ज उघडला आणि हात पुढे केला. तो दाखला काही काढेना. पिशवीची गाठ सोडायचा, परत मारायचा.

"ताई, ते पुढच्या महिन्यात करू," तो म्हणाला. "आज नुसता उतारा द्या."

त्याला दटावायला हवं होतं. आबांच्या वेळी काय झालं ते माझ्याइतकं कुणाला माहीत? पण मी प्रिंट काढून दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

"नाव हाय ना?"

"आहे," मी म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.