नाय त्रास

रोह्यातला माझा मेकॅनिक आधी बॉनेटवर थाप मारतो, मग सल्ला देतो. तो सल्ला मी कधीच पाळत नाही, म्हणून माझी गाडी अजून चालते. परवा मी त्याला सांगितलं, सुकेळी खिंडीत गाडी फार धापा टाकते. त्याचे डोळेच चमकले.

"दादा, रेसच्या गाड्यांना असतो तो नाय-त्रास गॅस बसवा."

"नायट्रस?"

"त्येच! नावातच हाय, नाय त्रास. खिंड दिसायच्या आत पेण! फकस्त ब्रेकवर इस्वास ठेवू नका."

"स्वतःच्या गाडीला बसवलात?"

"व्हय तर!" त्याने समोरच्या घराकडे अभिमानाने बोट केलं. फुटक्या कौलांवर त्याच्या गाडीचं बॉनेट आडवं पडलं होतं. वर पापड वाळत होते.

"आणि त्रास नाही झाला?"

"मला नाय," माझ्या बॉनेटवर थाप मारत तो म्हणाला, "घर मेव्हण्याचं हाय."